थोरलीची गाडी, धाकटीचा पत्ता

४ मार्च

साडूभाऊ,

पत्राला सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नाही. आजवर आपल्या दोन घरांतलं सगळं लिहिणं-बोलणं बहिणीबहिणींनी केलं. आपण दोघं शेजारी बसून वर्तमानपत्र वाटून घेतलं, तुम्ही खेळाचं पान आणि मी बाकीचं. इतक्या वर्षांत "चहा घेणार?" आणि "निघायचं का?" यापलीकडे आपण एकमेकांशी काही बोललो असू असं वाटत नाही. फोनच केला असता, पण शिलाई मशीनच्या घरघरीनं माझे कान गेलेत. फोनवर निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं भरतो.

काम हिच्या गाडीचं आहे. घरोघरी जाऊन पेशंटची ड्रेसिंगं, इंजेक्शनं करायला ही हीच गाडी घेऊन फिरायची. ही गेल्यापासून गाडी अंगणात उभी आहे. अधूनमधून मी सुरू करतो, गल्लीला चक्कर मारून आणतो. ऑटोमॅटिक असल्यामुळे माझ्यासारख्यालाही जमतं. पण आता मागे घ्यायला गेलं की आधी ती विचार करत बसते आणि मग एकदम धक्का देऊन निघते. खाली फरशीवर लाल डागही पडतात. गॅरेजवाला म्हणाला, "काका, गिअरबॉक्स संपला. भंगारात काढा."

तुमचा जन्म बसडेपोत गिअरबॉक्स उघडण्यात गेला. खरंच संपलाय का? तेल बदलून काही होणार असेल तर मला ते घरी करता येईल का? गाडी मला नीट करायचीच आहे. का, ते नंतर लिहीन.

धाकटी कशी आहे? ही गेली तेव्हा तिनं इथे राहून माझं सगळं पाहिलं. बसमध्ये मीच बसवून दिलं तिला. खिडकीतून म्हणाली, "भावोजी, जेवत जा." त्यानंतर तिच्याकडून काही नाही. तिला सांगा, मी जेवतो.

तुमचा,
थोरला साडू


९ मार्च

साडूभाऊ,

पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं, वीजमंडळाची नोटीस. उघडतो तर तुम्ही! दोनदा वाचलं. तुम्ही इतकं बोलता हे मला आजच कळलं.

पहिलं म्हणजे त्या गॅरेजवाल्याला सांगा, भंगारात तूच निघ. लाल डाग म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, आणि तेल कमी झालं की गिअर बसायला उशीर करणारच. उपाशी माणूस हाक मारल्यावर लगेच उठतो का? बहुतेक पॅनचं पॅकिंग वाळलंय. पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटाखालचा पत्र्याचा उथळ ट्रे, आणि पॅकिंग म्हणजे ट्रे आणि पोट यांच्यामधली पट्टी. तेल, पॅनच्या आतला फिल्टर आणि पॅकिंग, तिन्ही बदला. घरी होतं. मी या हातांनी किती बसगाड्यांची ही कामं केली त्याला हिशोब नाही.

आता नीट वाचा. गाडी थोडी फिरवून आणा, तेल कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅकनं उचललीत तरी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणारे दोघं मला माहीत आहेत, दोघांचेही फोटो भिंतीवर आहेत.

खाली मोठं घमेलं ठेवा. पॅनचे बोल्ट सगळे एकदम काढू नका. एका बाजूचे नुसते सैल ठेवा, बाकीचे काढा, म्हणजे पॅन एका कडेला झुकेल आणि तेल तिथूनच पडेल. नाहीतर अंघोळ होईल. निघालेलं तेल बाटल्यांत मोजून ठेवा. आधी तेवढंच नवं घालायचं, गळून कमी झालेलं नंतर पातळी बघून. जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजवाले घेतात. पॅनमध्ये एक लोहचुंबक असतं. त्याला राखाडी चिखल चिकटलेला असेल, त्याला घाबरू नका, ती झीज आहे. धातूचे तुकडे सापडले तर मात्र मला कळवा.

जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही कडा आरशासारख्या करा. नवं पॅकिंग कोरडंच बसवा, वर गोंद-बिंद फासू नका. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं. दुकानदार म्हणेल, "काका, सगळं सारखंच." त्याचं ऐकू नका. तेलाची पातळी मोजायच्या दांडीच्या नळीतून नरसाळ्यानं ओता. मग गाडी खाली उतरवून, इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक घरात जरा थांबवत फिरवा आणि परत पी वर, म्हणजे पार्किंगच्या घरात आणा. इंजिन चालू असतानाच दांडी काढून पातळी बघा. खुणेच्या वर एक थेंब नको. जास्त भरलं की फेस होतो आणि नको तिथून बाहेर येतं.

ही स्वयंपाकघरात आहे. तुम्ही जेवता हे ऐकून बरं वाटलं म्हणाली. नमस्कार सांगितलाय.

काय झालं ते लगेच लिहा. लगेच म्हणजे लगेच.

धाकटा साडू


२१ मार्च

साडूभाऊ,

केलं. तुम्ही लिहिलं तसंच केलं आणि तरी गळतंय.

आधी जे जमलं ते सांगतो. स्टँड, ठोकळे, घमेलं, सगळं झालं. गाडीखाली पाठ टेकून झोपलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी हिची गाडी खालून पाहिली. ही रोज गाडीत बसून फिरायची आणि खाली काय आहे ते मला माहीत नव्हतं. एका कोपऱ्यात वाळलेल्या गवताची काडी अडकलेली होती. कुठल्या पेशंटच्या दारातून आली असेल कोण जाणे. मी ती काढली नाही.

तेल काळं निघालं, करपल्याचा वास होता. चुंबकावर चिखल होता, तुकडे नव्हते. फिल्टर बदलला. कडा साफ करायला मला मजा आली, कापडावरची खडूची रेघ पुसावी तशी. नवं तेल लालभडक. मागे घेतल्यावर गाडीनं विचार केला नाही, लगेच निघाली. मी अंगणात एकटाच टाळी वाजवली.

सकाळी खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर डाग. गळू नये म्हणून मी लांब पाना घेऊन बोल्ट जीव खाऊन आवळले होते. दुसऱ्या दिवशी आणखी आवळले. डाग आणखी मोठा. इतकं आवळूनही कसं गळतं?

धाकटीला म्हणा, दोन ओळी स्वतःच्या हातानं लिही. तिचं अक्षर हिच्यासारखंच आहे. पत्र येतं तेव्हा पाकिटावर मी आधी तेच बघतो.

थोरला साडू


२६ मार्च

साडूभाऊ,

आवळलंत म्हणूनच गळतंय!

तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. शिवताना दोरा ओढला की काय होतं? कापडाला चुण्या पडतात. पॅनचा पत्रा पातळ असतो. तुम्ही बोल्टपाशी आवळलात, तिथे तो दबला आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहिली. तेल तिथून वाट काढतंय. तुमच्याकडे एखादा पोऱ्या असता आणि त्यानं असा दोरा ओढला असता तर तुम्ही त्याच्या डोक्यात मापाचा गज हाणला असतात.

परत उतरवा. पॅन उलटा करून सपाट लाकडावर ठेवा आणि भोकांच्या कडा हातोडीनं हळूहळू बसवा. सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरा, खालून उजेड दिसता कामा नये. पॅकिंग पुन्हा नवं घ्या. दाबलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा कामाला येत नाही. मग सगळे बोल्ट बोटांनी लावा, तुम्ही आधी कच्चे टाके घालता ना, तसे. नंतर छोटा पाना घेऊन समोरासमोरचे जरा जरा. एक इकडचा, एक तिकडचा. पॅकिंग दबलं असं हाताला कळलं की थांबा. टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा, कुठून उसना मिळाला तर फारच छान, पुस्तकात आकडा दिलेला असतो. जोर लावायचा नाही. या कामात जोरवाला माणूस हरतो.

हिला सध्या हाताला जरा लागलंय, भाजी चिरताना. म्हणून लिहीत नाही. बरं झालं की लिहील.

टाळी वाजवलीत ते वाचून मी इथे हसलो. मोठ्यानं. मग एकदम गप्प झालो, घरात आवाज फार घुमतो.

धाकटा साडू


१४ एप्रिल

साडूभाऊ,

कोरडं! पुठ्ठा बरेच दिवस झाले तसाच आहे, स्वच्छ. कच्चे टाके, मग पक्की शिलाई. एवढं साधं होतं, पण कुणी सांगायला हवं होतं.

आता का ते लिहितो. हिचं शेवटचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. एका दुपारी मला जवळ बोलावून कानाशी येऊन म्हणाली, म्हणजे मला ऐकू जावं म्हणून, "गाडी विकू नका. धाकटीला द्या. तिला चालवता येते, पण तिला कधी कुणी चालवायला दिली नाही." लग्नाआधी दोघी बहिणी एकाच गाडीवर शिकल्या होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. मी हो म्हणालो. पण डाग पाडणारी, धक्के देणारी गाडी कशी द्यायची? म्हणून एवढा खटाटोप.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी घेऊन येतो. धाकटीला आधी सांगू नका. किल्ली मी तिच्या हातात देईन आणि बसनं परत येईन.

थोरला साडू


१९ एप्रिल

साडूभाऊ,

घाई नको. पॅनमधून निघतं ते निम्मंच तेल. बाकीचं जुनं तेल आत, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायला हवं. एवढा लांबचा रस्ता, मध्ये घाट. तापली तर अडकाल. तुमच्या कानांना गिअरबॉक्सची कुरकुर ऐकू यायची नाही. आधी सगळं नीट होऊ दे, मग बघू.

शिवाय ही मैत्रिणीकडे गेलीय. कधी येईल सांगता येत नाही.

धाकटा साडू


१० मे

साडूभाऊ,

दुसऱ्यांदाही बदललं. आता दांडी पुसली की कापडावर स्वच्छ लाल येतं. गळती नाही, धक्का नाही. शेजारच्या चढावर वरखाली फिरवून पाहिली, कुठे अडत नाही.

एक विचारतो, राग मानू नका. धाकटीला मी यायला नको आहे का? हिला वेळेवर मोठ्या डॉक्टरकडे नेलं नाही असं तिच्या मनात असेल तर ते बरोबर आहे असंही मला कधीकधी वाटतं. ही स्वतः नर्स, म्हणायची "काही नाही, थकवा आहे," आणि मी मान हलवायचो. मला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, मान हलवणं सोपं असतं म्हणून. धाकटीला हे तोंडावर म्हणायचं असेल तर म्हणू दे, माझ्या सगळ्या खोल्यांत शांतता आहे. कुणी रागावलं तरी चालेल.

थोरला साडू


१५ मे

साडूभाऊ,

नाही हो. तसं मुळीच नाही. तिच्या मनात तुमच्याबद्दल वाईट काही नाही, हे लिहून देतो.

पण मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, तपासल्याशिवाय निघू नका. कदाचित तेही गेलं असेल. मीच सवडीनं तिकडे येऊन बघतो. तुम्ही येऊ नका.

धाकटा साडू


२ जून

साडूभाऊ,

रविवारी न सांगता आलो, त्याबद्दल लिहायलाच हवं.

दार उघडल्यावर तुमचा चेहरा पाहिला तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं. "धाकटी कुठे?" म्हणालो तर तुम्ही म्हणालात, "बाजारात गेलीय, येईलच." मग तुम्ही चहा केलात. कप शोधताना तुम्ही तीन कपाटं उघडलीत. आपण चहा प्यालो. तुम्ही पुन्हा चहा केलात. तिन्हीसांजा झाल्या आणि बाजार काही संपेना.

मी शिंपी आहे. घरात बाई आहे की नाही हे मला दोरीवरून कळतं. दोरीवर फक्त तुमचे कपडे होते, चुरगाळून वाळलेले. शर्टाच्या बाहीला तुम्ही काळ्या दोऱ्यानं बटण लावलंय, पांढऱ्या शर्टाला. हाताला लागलेली बाईही असं करू देणार नाही.

मग तुम्ही म्हणालात, "गाडी बघतो," आणि खाली शिरलात. तुम्हाला बघायला काही नव्हतं तिथे, सगळं कोरडं ठक्क होतं. पण तुम्ही बाहेर येईनात. मी पायरीवर बसून होतो, मला तुमचे पाय दिसत होते. पाय हलत होते. आधी मला वाटलं तुम्ही हसताय. बहिऱ्या माणसाला एक सोय असते, ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. म्हणून मी दुसरीकडे तोंड करून बसलो.

बाहेर आलात तेव्हा म्हणालात, "काम झकास केलंत, साडूभाऊ." मी म्हणालो, "गुरू चांगला होता." आणि गाडी घेऊन तसाच परत आलो. किल्ली माझ्याकडेच आहे.

मी काही विचारत नाही. सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर तेलाबद्दल लिहा. पण लिहा.

थोरला साडू


११ जून

साडूभाऊ,

ती घरी नाही. तुम्ही तिला बसमध्ये बसवून दिलंत ना, त्या बसनं ती इकडे आलीच नाही. मी स्टॉपवर उभा होतो. सगळे उतरले, मग ड्रायव्हर उतरला. त्यानं मला विचारलं, "काका, कुणाला शोधताय?"

काही दिवसांनी तिचं कार्ड आलं. लिहिलं होतं, "माझी काळजी करू नका. नोकरी मिळाली आहे. ताई रोज फोनवर माझं ऐकायची, म्हणून त्या घरात माझा दिवस जायचा. आता तिथे माझं बोलणं भिंतीच ऐकणार." खाली पत्ता. शिव्या नाहीत, भांडण नाही. शिव्या असत्या तर मी धावत गेलो असतो आणि उलट भांडलो असतो. त्या कार्डाला काय उत्तर द्यायचं तेच कळेना.

मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. मी डेपोतून यायचो, जेवायचो, खेळाचं पान वाचायचो. ती काहीतरी सांगत असायची. मी "हं" म्हणायचो. पुढचं वाक्य काय होतं ते मला कधी आठवत नाही, कारण ते माझ्या कानात शिरलंच नाही. मला वाटायचं, संसार असाच असतो. तुमचाही तसाच असेल.

मी गेलो होतो एकदा. ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करते. फाटकासमोर उभा राहिलो. पाळी सुटली, चारपाच बायका बाहेर आल्या, त्यांत ती. मोठ्यानं हसत होती. तिचं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. मी खांबाआड झालो आणि तसाच घरी आलो. मी पुढे गेलो असतो तर ते हसणं थांबलं असतं, एवढं मला समजलं.

मग तुमचं पत्र आलं. मी "ही स्वयंपाकघरात आहे" असं लिहिलं आणि ते कागदावर इतकं खरं दिसलं की मी पुढच्या वेळीही लिहिलं. तुम्ही आलात तर सगळं फुटेल म्हणून वाटेतला घाट, तुमचे कान, मागचं सील, सगळं पुढे केलं. सील चांगलं होतं. मला इथे बसून माहीत होतं.

पत्ता मागे लिहिलाय. गाडी तिची आहे. नेऊन द्या. माझ्याबद्दल काही बोलायची गरज नाही.

धाकटा साडू


२९ जून

साडूभाऊ,

देऊन आलो.

एका स्टेशनरीच्या दुकानावरची खोली आहे. जिना अरुंद, वर एक खिडकी, खिडकीत एक खुर्ची. मला बघून धाकटी आधी घाबरली, वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. "बरे आहेत," म्हणालो. "कपडे नीट वाळत नाहीत, एवढंच." ती हसली नाही.

खाली आणून गाडी दाखवली. थोरलीचा निरोप सांगितला, जसाच्या तसा. तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "भावोजी, ही तर मागे घेताना अडायची. ताई फोनवर सांगायची." मी म्हणालो, तेल बदललं. "कुणी?" मी. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

आता माझी चूक ऐका. तुमची पत्रं माझ्या पिशवीत होती. वाटेत काही अडलं तर बघायला म्हणून घेतली होती. तुम्हाला न विचारता मी ती तिला दिली. शेवटचंही. ती गाडीत बसली, दार लावून घेतलं आणि वाचत राहिली. मी फुटपाथवर उभा होतो. काचेतून दिसत होतं, कुठे कुठे ती मागचं पान पुन्हा काढून वाचायची.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाली, "इतकं बोलता येतं त्यांना?" मग म्हणाली, "मला कधी गिअरबॉक्सचं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, भावोजी. मला तेही आवडलं असतं." आणि मग, "मी परत जाणार नाही. हे त्यांना सांगा, उगाच आशा नको." म्हणून सांगतोय. त्यावर मी तिला काही समजवायला गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका.

जाताना तिनं मला स्टँडवर सोडलं. चांगली चालवते. हिच्यापेक्षा जरा सावकाश.

बसनं घरी आलो. अंगणात गाडीच्या मापाचा चौकोन उरलाय, बाजूला धूळ आणि मधे स्वच्छ. सकाळी उठून सवयीनं खाली वाकून बघितलं, डाग आहे का. मग हसू आलं. आज एका गिऱ्हाइकाची पँट चुकीची कापली, असं माझं कधी होत नाही.

तेलाचं काम संपलं. पण तुमचं पत्र आलं नाही की मला पोस्टमनचा राग येतो, तर पाठवत जा. काय वाटेल ते लिहा.

थोरला साडू


१२ जुलै

अगं,

तुझ्या भावोजींनी तू म्हणालेलं कळवलं. तू परत येणार नाहीस हेही कळवलं. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

आधी गाडीचं लिहून टाकतो, म्हणजे ते डोक्यातून जाईल. तेलाची पातळी अधूनमधून बघत जा, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी. पुढे कधी गळली आणि मेकॅनिक म्हणाला "आवळतो", तर त्याला थांबव आणि पॅकिंग बदलायला सांग. झालं.

आता बाकीचं. बाकीचं लिहायला बसलो आणि चहा निवला. आज सकाळी दूध नासलं. काल उकळायला विसरलो होतो. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "बाई दिसत नाहीत?" आजवर मी म्हणत होतो, बाजारात गेल्यात. आज म्हणालो, "ती दुसरीकडे राहते, नोकरी करते." ते म्हणाले, "बरं," आणि जिना उतरून गेले. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. दुपारी झोप आली नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक बाई गालिचा झटकत होती, ती आत जाईपर्यंत बघत बसलो. संध्याकाळी अंडी उकडली. एवढाच दिवस. रोज साधारण एवढाच असतो.

तुझा दिवस कसा असतो ते मला माहीत नाही. इथे होतीस तेव्हाही माहीत नव्हता. मी दिवसभर बाहेर असायचो आणि घरी आलो की तो संपलेला असायचा. म्हणून एक विचारतो. सकाळी उठल्यावर तू सगळ्यात आधी काय करतेस?

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

मी


३ ऑगस्ट

पत्र मिळालं. लिहू की नको यात बरेच दिवस गेले.

सकाळी उठल्यावर मी आधी खिडकी उघडते. समोर बेकरी आहे. भट्टी लागलेली असते, पावाचा वास येतो. तिथला माणूस रोज दारात उभा राहून आळस देतो, दोन्ही हात वर करून, आणि आपल्याला कुणी बघत नाही असं त्याला वाटतं. मग मी तोंड धुते. तुमच्या घरीही मी आधी खिडकीच उघडायची. तुम्ही झोपलेले असायचात.

कामाचं सांगते. ओल्या चादरी फार जड असतात. पहिल्या महिन्यात माझे खांदे इतके दुखायचे की केस विंचरता यायचे नाहीत. आता सवय झाली. आमच्यात एक म्हातारी आहे, ती सगळ्यांच्या नकला करते, सुपरवायझरचीसुद्धा. तुम्ही फाटकाशी आलात त्या दिवशी तीच कुणाची तरी नक्कल करत होती. मी तुम्हाला पाहिलं होतं. खांब बारीक होता.

गेल्या रविवारी मी गाडी घेऊन एकटीच गावाबाहेर गेले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. एका तलावापाशी रस्ता संपला. तिथे थांबले, पाव खाल्ला. पाण्यावर खूप पक्षी होते, नावं मला येत नाहीत. परत निघताना गाडी मागे घ्यायची होती आणि मागे उतार होता. मला घाम फुटला. मोठ्यानं "चल गं" म्हणाले आणि घेतली. एकदम सुरेख वळली. इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ताई असती तर घरी येऊन आधी तिला फोन केला असता. मग आठवलं, ताई नाही. खोलीवर आले, दिवा लावला आणि कागद घेतला.

मी येणार नाही, आणि तुम्हालाही या म्हणत नाही. पण हे तुम्हाला सांगितलं.

उत्तराची घाई करू नका. आधी नीट वाचा.